युरेनसच्या पोटात उतरत गेलो तर डोळ्यांना काय दिसेल?

मन्याडकाठ · रविवार, रात्री ९:१२

सध्या एक व्हिडिओ लई फिरायलाय. अंतराळवीर युरेनसमध्ये उडी घेतो, थोडा वेळ सगळं निळंशार, मग विजा, मग चमचमत्या हिऱ्यांचा पाऊस आणि शेवटी तो बर्फाच्या पांढऱ्या मैदानावर अलगद उतरतो. वर्गातल्या पोरांनी दाखवला आणि विचारलं, "सर, खरंय का?" निम्मं खरं आहे, निम्मं चित्रकाराच्या पदरचं. म्हणून वरून खाली क्रमाने लिहितो. हिशेब ढोबळ आहेत, इथे तपासणारे आहेतच.

आधी उजेडाचं. युरेनस सूर्यापासून सुमारे २९० कोटी किलोमीटर, म्हणजे आपल्या १९ पट लांब. ऊन ३७० पट कमी. ऐकून वाटतं, तिथे अंधारगुडूप असेल. पण आपल्याकडचं भर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). त्याला ३७० ने भागा, तरी पावणेतीनशे लक्स उरतात. रात्री दिवा लावून आपण पुस्तक वाचतो तेव्हा बहुतेक घरांत याहून कमी उजेड असतो. म्हणजे वरच्या थरात दिसायला काही अडचण नाही. सूर्य मात्र गोल तबकडी न दिसता जवळपास ठिपकाच दिसेल, पण डोळे दिपवणारा.

आता उतरणं. युरेनसचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला २१ किलोमीटर. तुम्ही लांबून येताय म्हणजे निदान एवढ्या वेगाने तर आत घुसणारच. त्यामुळे पहिल्या टप्प्यात खिडकीतून ग्रह दिसणारच नाही, आपल्याच यानाच्या उष्णतारोधक ढालीची आग दिसेल. ती विझली, पॅराशूट उघडलं, की मग खरा देखावा.

सगळ्यात वर पातळ धुकं. मिथेनवर सूर्याची अतिनील किरणं पडून इथेन, ॲसिटिलीन असले रेणू बनतात, त्यांचे बारीक कण हळूहळू खाली बसत राहतात. याच पट्ट्यात थंडी सगळ्यात कडक, उणे २२० अंशांच्या आसपास. वर पाहिलं तर फिकट आकाश, खाली फिकट निळा-हिरवा पडदा. क्षितिज आहे, पण रेघ नाही.

पृथ्वीच्या समुद्रसपाटीइतका दाब जिथे भरतो तिथे शास्त्रज्ञांनी शून्य उंची धरली आहे. १ बार म्हणा. तिथे तापमान उणे १९७ अंश, गुरुत्व आपल्या नव्वद टक्के. हवा म्हणजे बहुतांश हायड्रोजन, मग हेलियम, आणि थोडा मिथेन. हा थोडा मिथेनच सगळा रंग ठरवतो, कारण तो तांबडा प्रकाश शोषतो. जरा खाली गेलं की मिथेनचे विरळ पांढुरके ढग. त्याखाली, २ बारच्या पुढे, हायड्रोजन सल्फाइडचे जाड ढग. मग ३०-४० बारच्या सुमारास अमोनियम हायड्रोसल्फाइडचे, आणि त्याच्याही खाली पाण्याचे.

जसजसं खाली जाल तसतसा तांबडा रंग आधी मरतो, मग पिवळा. अंगात लाल भडक जॅकेट असेल तर ते काळं दिसायला लागेल. निळसर हिरवं, मग काळपट हिरवं, आणि पाण्याच्या जाड ढगांत शिरलात की काळोख.

आता गंमत बघा. तिथली उष्णता साधारण दर किलोमीटरला पाऊण अंशाने वाढते. उणे १९७ पासून शून्य अंशावर यायला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर लागतात. पाण्याचे ढग त्याच आसपास. आणि ग्रहाची त्रिज्या साडेपंचवीस हजार किलोमीटर! म्हणजे डोळ्यांनी बघायची गोष्ट पहिल्या एका टक्क्यातच संपते. उरलेले नव्व्याण्णव टक्के अंतर "काय दिसेल" या प्रश्नाच्या पलीकडचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की व्हिडिओवाल्यांनी नेमकं तेच नव्व्याण्णव टक्के रंगवलंय.

हिरे आणि मैदान यावर जाणकारांनी लिहावं.

---

किल्लारीचा_केशव · रविवार, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. सर, हायड्रोजन सल्फाइड म्हणजे किपच्या उपकरणातला तोच गॅस ना? सडक्या अंड्यांचा? अकरावीला प्रयोगशाळेत तो सोडला की अख्खी इमारत रिकामी व्हायची. एवढा पैसा घालून जायचं आणि तिथे हा वास!

---

मन्याडकाठ · रविवार, रात्री ९:५१

हौ, तोच. हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने त्याची वर्णपटातली खूण पकडली, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पण वास घ्यायला नाक शिल्लक राहायला पाहिजे. उणे दोनशे अंश आणि ऑक्सिजनचा पत्ता नाही.

---

तेरणेची_लेक · रविवार, रात्री १०:२०

छान लिहिलंय सर. एक शंका. नेपच्यून गडद निळा आणि युरेनस फिकट, असं आम्ही कायम पाठ केलं. दोन्हींत मिथेन आहे तर उतरताना दोन्हीकडे वेगळा रंग का दिसावा?

---

मांजरा_वळण · रविवार, रात्री १०:४८

ताई, फारसा वेगळा दिसणार नाही. व्हॉयेजर-२ यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनचे जे फोटो पाठवले त्यांत ढग आणि पट्टे उठून दिसावेत म्हणून रंग मुद्दाम गडद केले होते. तेव्हा फोटोखाली तसं लिहिलेलंही असायचं. पुढे फोटो छापत राहिले आणि ती ओळ गळून पडली. २०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या गटाने हबल आणि चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीची निरीक्षणं लावून खरे रंग पुन्हा काढले. दोन्ही ग्रह जवळपास एकाच फिकट हिरवट निळ्या छटेचे निघाले. नेपच्यून किंचित जास्त निळा, कारण त्याच्यावरचा धुक्याचा थर पातळ आहे.

उतरणाऱ्याला फरक जाणवेल तो वाऱ्याचा. नेपच्यूनवर वारे ताशी २००० किलोमीटरच्या घरात जातात. सूर्यापासून इतका लांब असून एवढा जोर, कारण सूर्याकडून मिळते त्याच्या अडीच पटीहून जास्त ऊर्जा तो स्वतः बाहेर टाकतो. युरेनस त्या मानाने फार थंड स्वभावाचा.

हिऱ्यांवर उद्या सविस्तर लिहिते. लॅबमधून आत्ता घरी आले आहे, जेवण व्हायचंय.

---

दुधनेचा_पाहुणा · सोमवार, सकाळी ७:०५

व्हिडिओतलं बर्फाचं मैदान नसेल, कबूल. पण सरांनीच पाण्याचे ढग सांगितले. ढग आहेत तर पाऊस आहे, पाऊस आहे तर तो कुठेतरी साचणारच. युरेनसला "बर्फाळ राक्षस" म्हणतात, त्याच्या पोटात बहुतांश पाणीच आहे असं आम्ही वाचलंय. मग समुद्र नको का? आणि समुद्राला पृष्ठभाग असतोच. पाण्यावर आपटल्याचा क्षण तरी येईल ना?

---

मन्याडकाठ · सोमवार, सकाळी ७:३०

दादा, प्रश्न रास्त आहे आणि फसवा पण. समुद्राला पृष्ठभाग असायला एक अट लागते: वर वाफ-हवा, खाली द्रव, आणि दोघांत फरक. पाण्याच्या बाबतीत ३७४ अंश आणि २२१ बार यांच्यापुढे तो फरकच पुसला जातो. मग ते ना वाफ, ना पाणी. दाट होत जाणारं एकच काहीतरी. हायड्रोजनची तीच सीमा उणे २४० अंशांवर आहे, म्हणजे युरेनसवरचा हायड्रोजन पहिल्यापासूनच त्या सीमेच्या वर. तो कधी "द्रव झाला" असं होतच नाही, फक्त घट्ट होत जातो.

पाऊस पडत असेलच. पण थेंब खाली जाईल तशी ऊब वाढते, तो परत वाफ होतो आणि वर येतो. पाणी साचायला खाली थंड तळ लागतो, तो नाही.

---

दुधनेचा_पाहुणा · सोमवार, सकाळी ७:४४

हे तुमचं अनुमान का कुणी तपासलंय?

---

मांजरा_वळण · सोमवार, दुपारी १:१५

तपासलंय. २००७ मध्ये विक्टोरोविच आणि इंगरसॉल यांनी नेमका हाच प्रश्न घेतला, नेपच्यूनच्या आत द्रव पाण्याचा समुद्र असू शकेल का. उत्तर आलं, ग्रह आतून त्यासाठी फार गरम आहे. समुद्र व्हायला तो बराच थंड व्हायला हवा. म्हणून पाहुणे, आपटण्याचा क्षण नाही. शेवटपर्यंत नाही.

आता आतलं. खगोलशास्त्रात पाणी, अमोनिया, मिथेन यांना मिळून "बर्फ" म्हणायची रीत आहे, मग ते हजारो अंशांवर उकळत का असेना. युरेनसच्या पोटात हा गरम, दाट, वीजवाहक काला आहे. खूप खोल, दाब लाखो बारवर गेला की पाण्याचं आणखी एक रूप येतं. ऑक्सिजनचे अणू जाळीत जागच्या जागी घट्ट, आणि हायड्रोजनची केंद्रकं त्या जाळीतून मोकळी वाहतात. अर्धं घन, अर्धं प्रवाही. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या गटाने लेझरचे धक्के देऊन ते बनवलं, २०१८ आणि २०१९ मध्ये निकाल आले. हे बर्फ पारदर्शक नसतं, काळं असतं. आणि वीज वाहून नेतं. युरेनसचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाशी ५९ अंशांनी कललेलं आणि मध्यापासून सरकलेलं आहे, हे व्हॉयेजर-२ ने २४ जानेवारी १९८६ ला जवळून जाताना मोजलं. असं वाकडंतिकडं क्षेत्र कुठून येतं, हे समजून घेताना या वीजवाहक थरांकडेच बोट दाखवलं जातं.

हिरे. कल्पना जुनी आहे, १९८१ मध्ये मार्विन रॉस यांनी मांडली. मिथेनमधला कार्बन दाबाखाली सुटा होतो आणि हिरा बनून खाली बसतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीनवर, म्हणजे साध्या प्लॅस्टिकवर, लेझरचा मारा केला. सुमारे १५ लाख बार, ५००० केल्व्हिन. क्षणाच्या अतिशय लहान तुकड्यात आत हिरे तयार झालेले क्ष-किरणांनी दिसले. २०२२ मध्ये पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक, म्हणजे पेट, वापरून पुन्हा केलं, कारण त्यात ऑक्सिजनही असतो. तिथेही हिरे, आणि ऑक्सिजनमुळे काम सोपंच झालं.

पण हे हिरे नॅनो आकाराचे होते. ग्रहाच्या आत वेळ भरपूर, तिथे ते मोठे होत असतील. तरी व्हिडिओत दाखवतात तसे निळ्या आकाशातून टपटप नाही पडत. ते सगळं हजारो किलोमीटर खाली.

---

जालना_भट्टी · सोमवार, रात्री ८:५०

धागा दोनदा वाचला. मी स्टीलवाला माणूस, खगोल मला कळत नाही, पण एक मुद्दा सगळ्यांकडून सुटायलाय. तुम्ही म्हणता अंधार. अंधार कुठवर? गरम होत गेलं तर वस्तू स्वतःच उजेड द्यायला लागते. सव्वापाचशे अंशांना अंधारात मंद तांबडं दिसायला लागतं, मग लाल, नारिंगी, पिवळं. आमच्याकडे माणसं रंग बघून सांगतात माल किती तापलाय ते.

तर सर, तुमच्याच हिशेबाने सांगा, हे तांबडं किती खोलीवर सुरू होईल?

---

मन्याडकाठ · सोमवार, रात्री ९:१०

क्या बात है भाऊ! उणे १९७ ते अधिक ५२५ म्हणजे ७२२ अंश. भागिले पाऊण. साडेनऊशे-हजार किलोमीटर. दाब तोवर काही हजार बार. म्हणजे अडीच-तीनशे किलोमीटरवर अंधार सुरू, हजारावर पुन्हा उजेड, पण सूर्याचा नाही, ग्रहाच्या स्वतःच्या उष्णतेचा. हे मी मूळ लेखात घालायला हवं असं नाही म्हणत, कारण तुम्ही घातलंत ते जास्त शोभतं.

---

जालना_भट्टी · सोमवार, रात्री ९:३५

थांबा, खरी गोष्ट पुढे आहे. रोलिंग मिलच्या री-हीटिंग भट्टीत थंड बिलेट, म्हणजे पोलादाचा लांब ठोकळा, ढकललं की सुरुवातीला ते काळं, स्पष्ट दिसतं. भिंती पेटलेल्या, मधे काळा ठोकळा. जसं तापत जातं तसं ते भिंतीच्या रंगाचं होतं. आणि पूर्ण मुरलं, आत-बाहेर सगळं बाराशेवर आलं, की भोकातून बघा, कडा दिसत नाहीत. बिलेट कुठे संपलं आणि वीट कुठे सुरू झाली, कळत नाही. उजेड भरपूर, दिसत काही नाही. नवीन पोरगं असलं की म्हणतं, भट्टी रिकामी आहे.

तुमच्या युरेनसच्या पोटात तेच होणार. सगळीकडे सारखं तापलेलं. हिरा पण तेवढाच गरम, भोवतालचं पण तेवढंच गरम. मग हिऱ्याची चमक कुठून आणायची? चमकायला बाहेरून उजेड पडावा लागतो, नाहीतर वस्तू भोवतालापेक्षा जास्त गरम लागते. दोन्ही नाही. हिऱ्यांचा पाऊस डोक्यावर पडला तरी दिसायचा नाही.

---

मांजरा_वळण · सोमवार, रात्री १०:०२

काका, हे पाठ्यपुस्तकात आहे, पण इतक्या सरळ कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण औष्णिक समतोल असलेल्या पोकळीत सगळ्या वस्तू एकसारख्या दिसतात, मग त्या कशाच्याही बनलेल्या असोत. काळं बर्फ, पारदर्शक हिरा, सगळं एकाच तेजाचं. मी वर "काळं बर्फ" लिहिलं ते प्रयोगशाळेत बाहेरून उजेड टाकून बघितलं तर.

---

किल्लारीचा_केशव · सोमवार, रात्री १०:१५

+१. म्हणजे वर निळं, मग काळं, मग सगळं लाल, मग सगळं पांढरं. संपला सिनेमा. 😄

---

तेरणेची_लेक · मंगळवार, सकाळी ११:२०

मधल्या काळ्या पट्ट्यात विजा तरी दिसतील का? व्हिडिओतली ती एक गोष्ट मला आवडली होती.

---

मन्याडकाठ · मंगळवार, दुपारी ४:३०

दिसतील, आणि तीच मला सगळ्यात भारी जागा वाटते. व्हॉयेजर-२ ला युरेनसजवळून जाताना विजांसारखा रेडिओ खरखराट ऐकू आला होता. विजेला पाण्याचे दाट ढग सोयीचे, आणि ते तर काळोखातच. तापमान शून्याच्या आसपास, दाब सत्तर-शंभर बार. नुसत्या तापमानाचं म्हणाल तर अख्ख्या प्रवासातला एवढाच टप्पा माणसाच्या सवयीचा. आणि तिथेच एखाद्या लखलखाटात ढगांचे कडे दिसून जातील, किलोमीटरच्या किलोमीटर उंच. तेवढाच काय तो उघडा पडणारा भाग.

---

बालाघाटी · मंगळवार, सायंकाळी ६:००

पण तिथवर यान टिकेल का? शंभर बार म्हणजे समुद्रात किलोमीटरभर खोल.

---

मन्याडकाठ · मंगळवार, सायंकाळी ६:४०

दाब अशक्य नाही. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ यान शुक्रावर ९० बारच्या आसपास आणि साडेचारशे अंशांहून जास्त तापमानात १२७ मिनिटं चाललं, १९८२ मध्ये. मोठ्या ग्रहात उतरलेलं यान मात्र एकच. गॅलिलिओ मोहिमेची कुपी, म्हणजे मुख्य यानातून आत सोडलेलं छोटं यान, ७ डिसेंबर १९९५, गुरू. सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने घुसली, ढालीचं ऐंशीएक किलो वजन जळून गेलं, आणि नंतर जवळपास ५८ मिनिटं संदेश पाठवत २२ बारपर्यंत गेली. त्यापुढे उष्णतेने बोलणं बंद.

खाली पडत राहिली म्हणाल तर हो. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं. आधी पॅराशूट, मग ॲल्युमिनियम, मग कवच. शेवटी त्याचे अणू त्या काल्यात मिसळून जातात.

युरेनससाठी अमेरिकेच्या शास्त्रज्ञांच्या दशवार्षिक आराखड्याने २०२२ मध्ये पहिली पसंती दिली आहे. भोवती फिरणारं यान आणि आत सोडायची कुपी. नुसता प्रवास बारा-तेरा वर्षांचा. कुपीचं मुख्य काम म्हणजे हेलियम, निऑन, अरगॉन असे वायू मोजणं. ते लांबून दुर्बिणीला नीट मोजता येत नाहीत, आत जाऊनच चव घ्यावी लागते.

---

पूर्णेचा_पूर · मंगळवार, रात्री ८:१०

थोडं अवांतर. युरेनसभोवतीची कडी १० मार्च १९७७ ला सापडली. ग्रह एका ताऱ्यावरून सरकताना ताऱ्याचा उजेड आधीच लुकलुकला, त्यावरून. अमेरिकेच्या उडत्या वेधशाळेचं नाव सगळीकडे येतं, पण त्याच रात्री तामिळनाडूत कावलूरला आपल्या लोकांनीही तेच पिधान टिपलं होतं. पोरांना सांगा सर.

बाकी औंढ्याजवळ लायगोचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं, काम चालू आहे, आमच्या हिंगोलीची पोरं आता असले प्रश्न जास्त विचारतील. सवय करून घ्या.

---

मन्याडकाठ · मंगळवार, रात्री ८:२५

कावलूरचं उद्याच सांगतो. पोरांना आपल्या माणसांचं नाव आलं की कान टवकारतात.

---

जालना_भट्टी · मंगळवार, रात्री ९:०५

मग माझा सल्ला, त्या कुपीत कॅमेरा बसवू नका. पहिल्या एक टक्क्यासाठी कशाला वजन वाढवायचं? त्यापेक्षा तापमापक दोन जास्त टाका.

---

मांजरा_वळण · मंगळवार, रात्री ९:३०

काका, गॅलिलिओच्या कुपीत कॅमेरा नव्हताच. ढगातले कण मोजायचं यंत्र होतं, वरून-खालून येणारा प्रकाश मोजायचं होतं, विजा टिपायचं होतं. फोटो नाही. उलट ह्युजेन्स कुपीने शनीच्या टायटन चंद्रावर २००५ मध्ये फोटो काढले, कारण तिथे जमीन होती.

पण मी कॅमेऱ्याच्या बाजूने मत देईन. दहा बारपर्यंत जरी गेली तरी वरचे मिथेनचे ढग आतून कसे दिसतात ते कळेल. दोन-चार फोटो पुरेत.

---

जालना_भट्टी · मंगळवार, रात्री ९:४१

दोन-चार चालतील. पण रंग गडद करून पाठवू नका म्हणावं.

---

दुधनेचा_पाहुणा · बुधवार, सकाळी ६:५०

समुद्राचं मला अजून पटलेलं नाही. नेपच्यून फार गरम म्हणून नाही, असं म्हणालात. युरेनस तर थंड स्वभावाचा, हे मॅडमनीच लिहिलंय. मग त्याचा वेगळा हिशेब कुणी मांडला का? वेगळा धागा काढतो, तिकडे या.